‘वेळ अज्ञात’ म्हणून वगळलेले नऊजण

रामटेकेभाऊ,

पंधरवड्यापूर्वी नागभीडला तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी बोललो. भंतेजींचं झालं, तुमच्या भाच्याचं झालं, मग कोणीतरी माईकवरून माझं नाव पुकारलं. चारेक मिनिटं बोललो असेन. भाऊ स्वतः डॉक्टर नव्हते, पण त्यांच्या हाताखालून गेलेले डॉक्टर आज जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, असलं काहीतरी. लोकांनी माना डोलावल्या. खाली उतरलो तर तुमच्या घरच्या बाईंनी माझ्यासमोर हात जोडले. त्या चार मिनिटांत मी खोटं एकही वाक्य बोललो नव्हतो, आणि तरी परतीच्या गाडीत बसल्यावर मला माझ्याच आवाजाची किळस आली.

कारण जे सांगायचं होतं ते मी तिथेही गिळलं. गेली पाच वर्षं तुम्ही माझ्याकडे एकच गोष्ट मागत होतात. आपल्या सर्पदंशाच्या पेपरातून मी जी नऊ माणसं काढून टाकली, ती परत घाला. स्वतःसाठी काही मागितलं नाहीत. तुम्ही गेलात त्या दिवसापर्यंत मी ती घातली नव्हती.

मी बोलणारा माणूस नाही, तुम्ही जाणता. आपल्या इतक्या वर्षांच्या ओळखीत बोलणं तुमचं आणि हुंकार माझा. म्हणून हे लिहून काढतो आहे. थोडं उशिराच.

पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा मी मेडिसिनचा नवाकोरा लेक्चरर होतो. वरोऱ्याचा पोरगा, नागपूरहून एमडी होऊन आलेला, डोक्यात हवा. एक पेपर दोन जर्नलांकडून साभार परत आला होता. कोणीतरी म्हणालं, आकडेवारी तपासणाऱ्या स्टॅटवाल्या भाऊंना दाखवा. पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक आरोग्य विभागाच्या खोलीत, लशींच्या फ्रिजशेजारी तुमचं टेबल. तुम्ही पेन्सिल घेऊन शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंत आणि चष्मा कपाळावर चढवून विचारलंत, “डॉक्टरसाहेब, हे तुम्ही सांगून राह्यले का लपवून राह्यले?”

“म्हणजे?”

“तीन पानं वाचली म्या. तुमाले काय सापडलं तेच मले सापडलं नाई.”

राग आला होता. पण तुमच्या पेन्सिलीच्या खुणा घेऊन घरी गेलो, आणि महिन्याभरात तोच पेपर स्वीकारला गेला. माझ्या नावानं छापलेली ती पहिली ओळ. तुमचे आभार शेवटी, बारीक अक्षरात. तुम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही, आणि तुम्हाला काही वाटत नाही याची मला फार लवकर सवय झाली.

पुढं माझे सगळे पीजी विद्यार्थी मी तुमच्याकडेच पाठवत गेलो. तुमची रीत साऱ्या कॉलेजात माहीत झाली होती. कोणीही थिसिस घेऊन आलं की तुम्ही आधी लॅपटॉप उघडू देत नसत. ओपीडीतल्या सुमनबाई, ज्या पेशंटचे नंबर लावायच्या आणि सगळ्यांना चहा आणून द्यायच्या, त्यांना हाक मारायची. विद्यार्थ्यानं आपल्या संशोधनाचा प्रश्न सुमनबाईंना मराठीत समजावून सांगायचा. त्यांना कळला तर पुढं. नाहीतर उद्या या.

आमची मृणाल साताऱ्याकडची. पहिल्या वर्षाला होती. तिला तुमच्यासमोर घेऊन मीच आलो होतो, म्हणून तो प्रसंग मला शब्दशः आठवतो.

“सर्पदंशानंतर रुग्णालयात पोचण्यास लागलेला कालावधी आणि त्याचा रुग्णाच्या—”

“बातम्यावाणी काऊन बोलून राह्यली वं बाई?” सुमनबाई म्हणाल्या. “आपल्यावाणी बोल ना.”

मृणालनं हातातली वही मिटली. “साप चावल्यावर दवाखान्यात यायला उशीर झाला तर काय होतं, ते बघायचंय.”

“माणूस मरते, आनखी का होते! त्याच्यात पाह्याचं काय आहे?”

तुम्ही टेबलावर थाप मारून हसलात. “घे. तुझा निष्कर्ष सुमनबाईनं चहाच्या आधीच सांगून टाकला. आता तू तो सिद्ध कर, नाईतर खोटा पाड. दोन्ही चालते आपल्याले.”

मीही हसलो होतो त्या दिवशी. आपला पेपर पुढं सुमनबाईंना खोटं पाडणार आहे, आणि ते पाडणं मात्र खोटं असणार आहे, हे तेव्हा कोणाला माहीत?

मृणालनं जीव तोडून काम केलं. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत आपल्या कॅज्युअल्टीत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. चिखलात पाय बुडवून दिवसभर वाकलेल्या बाया, बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भातखाचराच्या बांधावर, पाय पडतो आणि चावा बसतो. एकामागून एक येतात. प्रत्येकाच्या नातेवाइकाला मृणाल विचारायची, साप कधी चावला? आणि लिहायची. महिन्याभरानं ते कागद तुमच्यापुढं आले. तुम्ही दोन पानं उलटलीत आणि तिला हाक मारलीत.

“काऊन वं पोट्टे, हे सारे साप सहाच्या ठोक्यालेच निंगते का?”

खरंच, निम्म्या कागदांवर ‘सायंकाळी ६’.

“ते म्हणतात, ढोरं घरी आली तवा,” ती गोंधळून म्हणाली. “आमच्याकडं गुरं सहाला येतात, भाऊ.”

मी तिच्या जागी असतो तर मीही सहाच लिहिले असते. तुम्ही रागावला नाहीत. तिला बसवलंत आणि समजावलंत की जंगलाकाठच्या गावात ढोरकी ढोरं कधी परत आणेल हे गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतं. वाघाचा वावर असला की चारलाच आणतो. पिकं उभी असली की लांबून फिरवून आणतो, म्हणून अंधारतं. तुम्ही तिच्याकडून गावांची यादी करून घेतलीत, बाजाराच्या दिवशी येणाऱ्या माणसांना, एसटीच्या कंडक्टरांना, कोणाकोणाला विचारून प्रत्येक गावापुढं ढोरं यायची वेळ लिहिलीत. अमुक ते अमुक, एवढ्या वेळात. तो तक्ता कॅज्युअल्टीच्या भिंतीवर चिकटवला. “अर्ध्या तासाचा फरक असन तर फरक आहे म्हणून लिहा. खोटा नेमका आकडा काऊन लिहा?” हे तुमचं वाक्य मी अजून माझ्या विद्यार्थ्यांना माझं म्हणून सांगतो.

आता माझ्यावर येतो.

काम संपत आलं तेव्हा मृणाल नऊ केसपेपर घेऊन माझ्या केबिनमध्ये आली. या नऊजणांच्या चाव्याची वेळ लिहिलेली नव्हती. आल्यावर तासा-दोन तासांत गेलेली माणसं. नातेवाईक रडत होते, कोणी फक्त गोंडी बोलत होतं, मग शवविच्छेदन, मग गाडी, मग ते निघून गेले. वेळेचा रकाना कोरा राहिला.

“सर, यांचं काय करू?”

मी मोबाइलवर काहीतरी पाहत होतो. “वेळ अज्ञात आहे ना? मग अपूर्ण नोंद. वगळ.”

भाऊ, अर्ध्या मिनिटाचं काम होतं ते. अपूर्ण नोंदी वगळल्या, हे वाक्य प्रत्येक पेपरात असतं. मला काही वाईट करतोय असं वाटलंसुद्धा नाही. पण ज्यांना बोलायला वेळ मिळाला नाही तेच मेले होते, आणि जे मेले होते तेच बहुतेक उशिरा आले होते. ते बाहेर गेल्यावर उरलेल्यांत उशिरा आलेलेही बरे होऊन घरी गेलेले दिसले. पेपराचा निष्कर्ष तयार झाला: पोचायला लागलेल्या वेळेनं विशेष फरक पडलेला आढळला नाही.

मसुदा तुमच्याकडे आला. प्रत्येक थिसिसला तुम्ही जो प्रश्न विचारायचात तोच विचारलात, “कोण नाई याच्यात?” मृणालनं नऊ सांगितले. तुम्ही तिला काही बोलला नाहीत. केसपेपरवरून गावं लिहून घेतलीत. पुढच्या कित्येक रविवारी तुम्ही एसटीनं निघालात, कधी मूलकडं, कधी चामोर्शीच्या पलीकडं, गोंडी जाणणाऱ्या एका निवृत्त आरोग्यसेवकाला सोबत घेऊन. एथिक्स कमिटीचा अर्ज आधी रीतसर केला होतात. त्यावर गाईड म्हणून माझी सही आहे. ती मी न वाचता केली होती.

त्या घरांमध्ये काय झालं ते तुम्ही कधी फारसं सांगितलं नाहीत. एवढंच म्हणालात की एका आईनं विचारलं, पोरीला जाऊन इतके महिने झाले, आता कशाला आले? “मी म्हटलं, बाई, तुमची पोरगी आमच्या मोजणीतून सुटून गेली, ते मोजाले आलो. तिनं पाणी आणून देल्लं.”

तुम्ही ते कागद माझ्या टेबलावर ठेवलेत. नऊ घरांचा हिशोब, पेन्सिलीनं. शेवटी एक नवीन तक्ता. नऊजण आत घेतले की निष्कर्ष उलटा होत होता.

“साहेब, सुमनबाईच बरोबर होती,” तुम्ही म्हणालात. आनंदानं म्हणालात. तुम्हाला वाटलं होतं मीही आनंदेन.

मी म्हणालो, “भाऊ, पेपर परवा पाठवायचाय. मृणालची परीक्षा आहे.”

“महिनाभर लागन फक्त.”

“ढोरं आली तवा, याला कोणता एडिटर डेटा म्हणेल?”

“बाकीच्याईले तोच तक्ता लावला ना आपण? जित्यांसाठी चालते, मेलेल्यांसाठी काऊन नाई चालत?”

मृणालच्या परीक्षेचं मी पुढं केलं, पण तिला मुदत वाढवून घेता आली असती. घाई माझी होती. माझी बढतीची मुलाखत ठरलेली होती आणि यादीत एक पेपर कमी पडत होता. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा कुठं लिहितो आहे.

तुम्ही पेन्सिल खिशात ठेवलीत. मग म्हणालात, “मंग माह्यं नाव काढा त्याच्यातून.” चिडून नाही. दार ओढून घ्यावं तसं सावकाश. “आणि त्या पोट्टीले मी काही सांगणार नाई. तिचे गाईड तुम्ही. तुम्हीच सांगा.”

मी सांगितलं नाही. उलट जे सांगितलं ते या साऱ्याहून वाईट.

पेपर छापून आला तेव्हा मृणालनं विचारलं, “भाऊंचं नाव कसं नाही, सर?” मी म्हणालो, “त्यांना दुसऱ्या नंबरवर हवं होतं. मी नाही म्हटलं तर रुसले.”

एवढंच. दोन वाक्यं. त्या क्षणी सुचली आणि तोंडातून गेली. मग ती डिपार्टमेंटच्या चहापर्यंत पोचली. कोणीतरी म्हणालं, “यांना सगळीकडं वाटा लागतो.” यांना म्हणजे कोणाला, ते त्या खोलीत कोणी विचारलं नाही, कोणी स्पष्ट केलं नाही. मी कपात पाहत बसलो. तुमच्या आडनावाच्या माणसानं नाव मागितलं असं म्हटलं की आमच्यातल्या काहींना ते पुराव्याशिवाय खरं वाटतं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच ती थाप खपली. मी कोणाची जात काढली नाही, असं मी बरेच दिवस मनाशी म्हणत होतो. काढायची गरजच पडली नव्हती.

तुमच्या कानावर ते आलं असणार. तुम्ही कधी खुलासा केला नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात माझा पुढचा विद्यार्थी तुमच्याकडे आला आणि तुम्ही नेहमीसारखी सुमनबाईंना हाक मारलीत.

मला तुमच्या या चांगुलपणाचा रागसुद्धा येई, भाऊ. तुम्ही एकदा चारचौघांत माझी कॉलर धरली असती तर मी सुटलो असतो. पण तुम्ही माझ्या पोरांचे थिसिस तपासत राहिलात. एका पोराला कुठल्याशा जर्नलाचा ईमेल आला होता, आठ दिवसांत पेपर छापून देतो म्हणून. तुम्ही म्हणालात, “आठ दिवसात कोंबडीचं अंडं नाई उबत बाप्पा, तुहा पेपर कसा उबन?” आणि त्याला बसवून सहा महिने रखडवलंत, तेव्हा कुठं चांगल्या ठिकाणी छापून आला. तो पोरगा आज मोठा शिक्षक आहे. नागभीडच्या त्या कार्यक्रमात मागच्या रांगेत तोंड लपवून रडत होता. आणखी एका मुलीला इंग्रजी येत नव्हतं, गावच्या शाळेतली. तिला तुम्ही सांगितलंत की इंग्रजी वाक्य तुटकं असलं तरी चालेल, विचार तुटका नको. तुम्ही निवृत्त होऊन नागभीडला राहायला गेलात तरी ही पोरं लॅपटॉप घेऊन चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनवरून गाडी धरत. तुम्ही स्टेशनवरच्या बाकावर त्यांना घेऊन बसायचात, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात.

मृणाल मात्र कधी गेली नाही.

दोनएक वर्षांपूर्वीची गोष्ट. झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम होता, तुम्ही वडशाला कोणाकडे तरी गेला होतात. भरदुपारी तुमचा फोन आला. चहाच्या टपरीवर जंगलातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राचा तरुण डॉक्टर भेटला होता. तुम्ही आपल्या कॉलेजचे म्हटल्यावर तो खुशीत म्हणाला, तुमचा सर्पदंशाचा पेपर वाचलाय. आता पेशंट आला की मी प्रतिविषाचं इंजेक्शन सुरू करण्यात वेळ घालवत नाही, सरळ गाडीत घालून जिल्ह्याला पाठवतो. उशिरानं फरक पडत नाही ना.

“साहेब, मी त्याले म्हटलं, नाई बाबा, आधी इंजेक्शन दे, मंग गाडी. मी स्टॅटवाला माणूस, डॉक्टरले उपचार सांगून आलो. लाज वाटली, पण सांगून आलो.” मग म्हणालात, “पण असे आनखी किती वाचून राह्यले असन?”

मी म्हणालो, “पाहतो, भाऊ.”

‘पाहतो’. तुम्ही तेवढ्यावर फोन ठेवलात. तो डॉक्टर तुमचं ऐकण्याआधी किती जणांना तसंच गाडीत घालून मोकळा झाला, त्यांच्यातलं वाटेत कोणाचं काय झालं, हे मला माहीत नाही. कळायचा मार्गही नाही. मी रोज राउंड घेतो, पोरांना शिकवतो, आणि हे माहीत नसणं माझ्याबरोबर वॉर्डभर फिरतं.

आपली शेवटची भेट नागभीडच्या त्याच बाकावर. मी एका विद्यार्थिनीचा थिसिस घेऊन आलो होतो. खरं तर तिला पाठवता आलं असतं. तुम्ही बारीक झाला होतात, श्वास पुरत नव्हता. दुपारभर पेन्सिल चालवत होतात. मी वाट पाहत होतो की तुम्ही आता त्या नऊजणांचा विषय काढाल. तुम्ही काढला नाहीत. मला वाटलं, भाऊ थकले, त्यांनी सोडून दिलं. आणि देवाशप्पथ सांगतो, मला हलकं वाटलं.

गाडी लागली. मी चढलो. तुम्ही खिडकीशी आलात.

“साहेब, ते पेन्सिलीचे कागद तुमच्याजवळच आहे ना?”

“आहेत.”

“बरं झालं. माह्याजवळ दुसरी प्रत नाई.”

एवढं बोलून तुम्ही बाजूला झालात. पाच वर्षं तुम्हाला माहीत होतं की मी ते कागद कधीही फाडू शकतो, आणि फाडले तर या जगात तुमच्या बाजूनं एक अक्षर उरणार नाही. तरी तुम्ही ते माझ्याकडेच ठेवले होते. माणूस जोखण्यात तुम्ही कधी चुकला नाहीत, असं सगळे म्हणतात. माझ्याबाबतीत चुकलात की नाही, ते मी तुमच्या मरणापर्यंत ठरू दिलं नाही.

त्या दिवशी नागभीडहून घरी पोचलो आणि बूट न काढता कपाटातून ती फाइल काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मृणालला फोन केला. ती आता तिकडं पश्चिमेला एका कॉलेजात शिकवते. तुम्ही गेल्याचं तिला माहीत होतं. मी सगळं सांगितलं. नऊजण, तुमचे रविवार, माझी मुलाखत, आणि ती दुसऱ्या नंबरची थाप.

मग म्हणाली, “सर, भाऊंनी मला नंतर दोनदा फोन केला होता. मी उचलला नाही. मला वाटलं, नावाबद्दल बोलतील.”

मी समोरची फाइल मिटली.

“कशासाठी केला असेल?”

“माहीत नाही, मृणाल.”

“परीक्षेचा निकाल लागला होता तेव्हा,” ती म्हणाली आणि रडू लागली. मला तिला रडू नकोस म्हणायचा हक्क नव्हता. थोड्या वेळानं तिचा आवाज पार वेगळा झाला. “तो पेपर मी शिकवते, सर. अपूर्ण नोंदी कशा हाताळाव्या, याचं उदाहरण म्हणून शिकवते. तुम्ही मला चार वर्षं वर्गात उभं करून खोटं बोलायला लावलंत.” मग म्हणाली, “पत्राचा मसुदा पाठवा. पहिलं नाव माझं आहे, पहिली सही माझी. भाऊंनी काय केलं ते पूर्ण लिहा. आभारात नाही. मजकुरात.”

पत्र जर्नलला गेलं आहे, भाऊ. वेळा कोणी, कशा गोळा केल्या, हे संपादकांनी उलट विचारलं. तुमचं नाव, हुद्दा आणि तुमची रीत लिहून कळवली. ते दुरुस्ती छापतील की सगळा पेपरच मागे घेतील, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. डीनना मी वेगळं पत्र दिलं आहे, माझी बढती ज्या यादीवर झाली तिच्यात हा पेपर आहे असं. त्यांनी वाचून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला काहीतरी आजार झालाय. आरोग्य केंद्रांना कळवण्याचं जिल्ह्याच्या लोकांशी बोललो आहे. त्या वडशाकडच्या डॉक्टरला शोधतो आहे. तुमच्या घरच्या बाईंकडे रविवारी जाणार आहे. त्यांनी त्या दिवशी जोडलेले हात मला परत करायचे आहेत.

क्षमा मागत नाही. तुम्ही असतात तर “असू द्या जी” म्हणून मोकळे झाला असतात, आणि मी ते घेतलं असतं. बरं झालं, आता ते घेता येणार नाही.

काल सोमवार, आमची जर्नल क्लबची बैठक. पीजीची तिन्ही वर्षं, लेक्चरर, सगळे होते. मी उभा राहिलो आणि आमचाच पेपर पडद्यावर लावला. काय वगळलं, का वगळलं, आणि मग तुमच्याविषयी काय पसरवलं, ते बसल्या माणसांकडे पाहत सांगितलं. ज्यांनी तेव्हा चहावर मान हलवली होती त्यांच्यातले दोघे होते. एकानं घड्याळ पाहिलं. सुमनबाई दाराशी ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत, गेल्याही नाहीत.

मग मी तुमचे कागद काढले आणि पहिल्या वर्षाची एक मुलगी, गडचिरोलीकडचीच, तिला संगणकावर बसवलं. म्हटलं, मूळ तक्त्यात आता एकेक भर. नाव नाही टाकायचं. वय, महिना, चाव्याची वेळ, दवाखान्याची वेळ. मी वाचत गेलो, ती भरत गेली. खोलीत फक्त कळफलकाचा आवाज. आठ झाले.

नवव्याला ती थांबली. तिनं माझ्या हातातला कागद वाकून पाहिला.

“सर, याच्या पुढं वेळच नाई.”

नव्हती. तुम्ही तिथं लिहिलं होतं: एकटा राहत होता. शेजारणीनं सकाळी अंगण झाडताना पाहिला. दुपारी बांधीत पडलेला सापडला. मधलं कोणाला माहीत नाही. त्याखाली तुम्ही अंदाजाचा आकडाही टाकला नव्हता.

“मग याले घ्याचं का, सर?”

सगळे माझ्याकडे पाहत होते.

“घ्यायचं,” मी म्हणालो. “सकाळ आणि दुपार, दोन्ही वेळा लिही.”